बिल माझं, मत कुणाचं?

कॅनडातल्या वॉटर्लूत विजेच्या बिलाला सगळे हायड्रोचं बिल म्हणतात. १ सप्टेंबर २०२२ पासून त्या बिलावर ‘एनोव्हा पॉवर’ हे नाव येतं. त्याआधी इथं वॉटर्लू नॉर्थ हायड्रो होती आणि शेजारच्या किचनरला किचनर-विल्मट हायड्रो. दोन्ही एक झाल्या. कंपनी खासगी नाही. वॉटर्लू आणि किचनर ही दोन शहरं आणि विल्मट, वुलिच, वेलस्ली या तीन टाउनशिप तिच्या मालक आहेत.

या बिलावरून इथल्या एका मराठी घरात झालेला वाद मी मांडतो आहे. एका बाजूला राहुरी तालुक्यातले मामा. बागायतदार, वय सत्तरीच्या पुढे, मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचे जुने सभासद, उन्हाळ्यापुरते भाचीकडे आलेले. दुसऱ्या बाजूला भाची. ती वॉटर्लू विद्यापीठात शिकायला आली, इथंच नोकरीला लागली आणि पुढे या भागातल्या एका सौर सहकारी संस्थेची सभासद झाली. वीज वापरणाऱ्यानं विजेच्या संस्थेचा मालक असावं का, आणि असला तर त्याच्या पदरात काय पडतं, एवढाच प्रश्न होता. मी ऐकत होतो. जिथं राहवलं नाही तिथं माझं मत मध्ये घातलं आहे.

भाची : हे बघा मामा. विजेचे पैसे वेगळे, ती घरापर्यंत आणून देण्याचे वेगळे, नियामकाचे आकार वेगळे, त्यावर टॅक्स, आणि शेवटी प्रांत सरकारची सूट. संध्याकाळी सातनंतर दर उतरतो. रात्रीचा खास दर घेतला तर अकरानंतर आणखी स्वस्त. म्हणून कपड्यांचं मशीन मी झोपताना लावते. सगळं पाळते, बिल वेळेवर भरते. पण या कंपनीच्या कारभारात मला काडीचंही मत नाही.

मामा : अगं, कंपनी शहराची आहे ना? मग झालं तर. नफा झाला की लाभांश शहराला जातो, शहर तो लोकांवर खर्च करतं. नगरसेवक तुम्ही निवडता, ते बघून घेतील. आणखी काय पाहिजे?

भाची : नगरसेवक मी नाही निवडत. मी अजून पीआर, म्हणजे नुसती कायमची रहिवासी आहे. ऑन्टारियोत नगरपालिकेला मत द्यायचं तर कॅनडाचं नागरिकत्व लागतं. घराचा टॅक्स भरते, पाण्याचं बिल भरते, विजेचं भरते, पण मतदानाच्या दिवशी घरी बसते. दोन हायड्रो एक करायचं नगरपालिकांनी ठरवलं, प्रांताच्या एनर्जी बोर्डानं मान्य केलं. माझ्या बिलावरचं नाव बदललं, एवढाच माझा त्यातला वाटा. आमच्या सौर संस्थेत मात्र पहिल्याच सभेत मी हात वर केला आणि तो मोजला गेला. तिथं पासपोर्ट विचारत नाहीत. शेअर थोडे असोत की पुष्कळ, माणशी एकच मत.

हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. किचनर-वॉटर्लूत आज मराठी घरं पुष्कळ आहेत. कुणी विद्यार्थी, कुणी वर्क परमिटवर, कुणी पीआर. नागरिकत्व मिळेपर्यंत वर्षं जातात आणि तोवर माणूस गावात राहून गावाबाहेरचा असतो. विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली वॉटर्लू कोऑपरेटिव्ह रेसिडेन्स ही वसतिगृहाची सहकारी संस्था, किंवा मेनोनाइट मंडळींनी १९६४ साली काढलेली आणि आता ‘किंड्रेड’ नावानं चालणारी पतसंस्था, अशा ठिकाणी नवख्या माणसाचा शब्द जुन्या माणसाच्या शब्दाइतकाच धरला जातो. सभासदत्वाचा फायदा रुपये-डॉलरांत मोजायच्या आधी हा फायदा मोजायला हवा. मामांना मात्र तो पटला नाही.

मामा : मत आहे म्हणून मालकी आली, असं समजू नकोस. आमच्याकडे सगळ्यांना मत होतं. १९६९ साली मुळा-प्रवरा निघाली, १ फेब्रुवारी १९७१ पासून वीज द्यायला लागली. श्रीरामपूर, राहुरी आणि आजूबाजूच्या तालुक्यांतली मिळून १८३ गावं. तेव्हा गावठाणात तार आली तरी वस्तीवर येत नसे. चार घरांच्या वस्तीसाठी दहा-बारा खांब उभे करणं राज्याच्या वीज बोर्डाला परवडायचं नाही. संस्थेनं ते केलं. विहिरीवरचं डिझेल इंजिन गेलं, मोटार बसली. ऊस वाढला, दुधाचा धंदा वाढला. तुझ्या आजीनं कंदिलाची काच पुसायची थांबवली ती संस्थेमुळे. हे मी कधीच नाकारणार नाही.

भाची : मग सभासद असण्याचा फायदा आणखी कोणता असतो?

मामा : पुढचं ऐक. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस राज्यात पंपाची बिलं एचपीवर यायला लागली. मीटर बघायचंच कारण उरलं नाही. पाच एचपीची मोटार तासभर चालव नाहीतर रात्रभर, बिल तेवढंच. वीज किती आली, किती वापरली, किती गळाली, कुणाला सांगता येईना. वसुली मागं पडली. आता संचालकानं काय करावं? ज्याची लाइन कापायची, त्याच्याच मतावर पुढच्या खेपेला निवडून यायचं. संस्था वीज विकत घ्यायची बोर्डाकडून, तिथलं देणं तुंबलं. थकबाकीवर व्याज, त्या व्याजानं थकबाकी आणखी मोठी. महावितरणच्या हिशेबानं ती शेवटी दोन हजार कोटींच्या वर गेली. ३१ जानेवारी २०११ ला परवान्याची मुदत संपली आणि नियामक आयोगानं नवा परवाना महावितरणला दिला. ४० वर्षं चाललेली संस्था, दुसऱ्या दिवशी सकाळी वीज दुसऱ्याची. आणि खरं सांगू का, त्या दिवशी गावात कुणी रडलं नाही. दिवा लागतोय ना, मग झालं.

शेवटचं वाक्य मामा खालच्या आवाजात बोलले. हजारो सभासदांची संस्था जाते आणि सभासदाला आपलं काही गेल्यासारखं वाटत नाही, याचा अर्थ मालकीची जाणीव परवान्याच्या पुष्कळ आधी संपली होती.

भाची : मामा, तुम्ही दोष सभासदाला देताय, संचालकाला देताय. पण संस्थेच्या हातात होतं काय? वीज कोणत्या दरानं घ्यायची हे बोर्ड ठरवणार. पंपाला कोणत्या दरानं विकायची हे सरकार ठरवणार, पुढे आयोग ठरवणार. दोन्ही टोकं दुसऱ्याच्या हातात आणि मधला तोटा तेवढा सभासदांच्या नावावर. साखर कारखान्याला निदान उसाला भाव किती द्यायचा यात काही शब्द असतो. तुमच्या संस्थेला कसलाच नव्हता.

मामा : शब्द नव्हता, मान्य. पण चोरी थांबवणं तर हातात होतं? आकडा टाकणारा कोण होता? बाहेरचा नव्हता. सभासदच होता.

भाची : होता ना. पण असा सभासद फक्त राहुरीतच जन्माला येतो का? वीज सहकारी संस्थेची कल्पना मुळात आली कुठून ते बघा. १९३० च्या दशकात अमेरिकेत दहातल्या एका शेतघरात जेमतेम वीज होती. खासगी कंपन्या खेड्यात जायला तयार नव्हत्या, कारण मैलभर तार ओढून गिऱ्हाईक मिळणार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. १९३५ साली रूझवेल्ट सरकारनं ग्रामीण विद्युतीकरणासाठी खातं काढलं, दुसऱ्या वर्षी कायदा केला आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्ज दिलं. वीस वर्षांच्या आत बहुतेक शेतघरांत वीज पोचली. आज तिथं अशा ९०० च्या आसपास संस्था आहेत आणि चार कोटींवर लोक त्यांची वीज वापरतात. त्याच लोकांच्या सल्ल्यानं आपल्याकडे १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघाल्यावर पहिल्या पाच संस्था झाल्या. महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, बेळगाव जिल्ह्यात हुक्केरी, तेलंगणात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार आणि उत्तर प्रदेशात लखनौ.

मामा : बी एकच. मग तिथं उगवलं आणि आमच्याकडे का जळालं?

भाची : तिथं सरकारनं कर्ज दिलं, पण दर संस्थेला ठरवू दिला. बहुतेक राज्यांत आजही संस्थेचं संचालक मंडळच खर्च बघून दर ठरवतं. वर्षाअखेर शिल्लक राहिली तर ती प्रत्येकाच्या वापराच्या प्रमाणात त्याच्या नावावर मांडतात आणि काही वर्षांनी परत करतात. त्याला तिथं कॅपिटल क्रेडिट म्हणतात. आजोबांनी भरलेल्या बिलाचा परतावा नातवाच्या हाती आला, असंही होतं. आणि बिल नाही भरलं तर लाइन कापली जाते, मग तो संचालकाचा सख्खा भाऊ का असेना.

तिच्या बोलण्यात मला एक भर घालावीशी वाटली आणि मी घातली. अमेरिकेतल्या संस्था नुसत्या स्वतःच्या शिस्तीवर उभ्या राहिल्या नाहीत. सरकारी धरणांवरची वीज त्यांना आधी आणि सवलतीनं मिळत होती. सरकारचा हात पाठीवर होता. पण तो दुकान उभं करायला मदत करणारा होता, दुकानातल्या प्रत्येक वस्तूची किंमत ठरवणारा नव्हता. मुळा-प्रवरेच्या वाट्याला नेमकं उलटं आलं, हे भाचीचं म्हणणं मला पटतं. मामांचंही पटतं, कारण दराचा अधिकार नसलेल्या संस्थेतही मीटर लावणं आणि आकडे काढणं शक्य होतं.

मामा : हुक्केरीचं तू नाव घेतलंस म्हणून सांगतो. आमचे व्याही संकेश्वरचे. गडहिंग्लजकडून सीमा ओलांडली की तोच तालुका लागतो. तिथली संस्था अजून चालते. वीज हेस्कॉम या तिथल्या सरकारी कंपनीकडून घेते आणि तालुक्याला वाटते. संचालकांची निवडणूक असली की जिल्ह्यातले बडे पुढारी तळ ठोकून बसतात.

भाची : म्हणजे चालते ना!

मामा : चालते. पण का चालते ते बघ. कर्नाटकात दहा एचपीपर्यंतच्या पंपाच्या विजेचा खर्च सरकार उचलतं. तो पैसा आला नाही तर महिनाभरात कळेल, सभासद किती खंबीर आहेत ते. आणि पुढारी तळ ठोकतात ते सभासदांच्या प्रेमापोटी का? गावोगाव माणसं, नोकऱ्या, कंत्राटं. सहकारी संस्था पुढाऱ्याला यासाठी हवी असते.

भाची : पुढाऱ्याला हवी असते म्हणजे तिच्यात काहीतरी दम आहे. मत दिल्यानं तिथं निदान कारभारी बदलता येतो. महावितरणचा वरचा अधिकारी तुम्ही मत देऊन बदलू शकता का?

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वॉटर्लूचाच दाखला काढला. इथं आल्यापासून फिरताना त्यांनी या गावाचा इतिहास विचारून विचारून घेतला होता.

मामा : तुझ्या या गावानं सहकारी संस्था न काढताही वीज लोकांची केली. सेंट जेकब्सच्या त्या गिरणीवाल्याची गोष्ट तूच सांगितलीस.

ही गोष्ट इथल्या मराठी माणसांनाही फारशी ठाऊक नसते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नायगारा धबधब्यावरची वीज खासगी कंपन्यांच्या हातात जात होती. इथल्या कारखानदारांना भीती होती की ती सगळी टोरांटोला आणि सीमेपलीकडे जाईल, आणि आतल्या गावांना पेन्सिल्व्हेनियाच्या महाग कोळशावरच दिवस काढावे लागतील. १९०२ च्या फेब्रुवारीत वॉटर्लूच्या व्यापारी मंडळाच्या बैठकीत सेंट जेकब्सचे गिरणीमालक ई. डब्ल्यू. बी. स्नायडर यांनी कल्पना मांडली की गावांनी एकत्र येऊन वीज आणावी. बर्लिनचे, म्हणजे आजच्या किचनरचे, डॅनियल डेटवायलर ती कल्पना घेऊन सायकलवरून गावोगाव हिंडले आणि कारखानदारांना, नगराध्यक्षांना गाठून समजावत राहिले. त्याच वर्षी बर्लिनला मोठी सभा झाली. पुढे ऑन्टारियोतल्याच लंडन शहराचे महापौर अ‍ॅडम बेक यांनी चळवळ हाती घेतली आणि १९०६ मध्ये प्रांताचा जलविद्युत आयोग स्थापन झाला. ११ ऑक्टोबर १९१० रोजी बर्लिनच्या सभागृहात प्रांताचे पंतप्रधान व्हिटनी यांनी बेक यांचा हात धरून त्याच हातानं बटण दाबलं आणि नायगाराची वीज या भागात आली. दराचं सूत्र साधं होतं. जी किंमत पडते त्या किमतीला वीज द्यायची.

मामा : बघ, गिरणीवाला, सायकलवाला, महापौर. सहकार खातं नाही, निबंधक नाही, शेअरची पावती नाही. नगरपालिकेनं तारा घेतल्या, प्रांतानं वीज आणली. शंभरावर वर्षं झाली, चालू आहे. मालक होण्याचा अट्टहास कशाला? चोख सेवा मिळाली की झालं.

भाची : मामा, या गोष्टीचा एक तुकडा राहिला. १९०७ च्या जानेवारीत ऑन्टारियोच्या अनेक गावांत यावर मतदान झालं. ही वीज घ्यायची का, हा प्रश्न थेट लोकांपुढे ठेवला आणि लोकांनी होकार दिला. तेव्हाचे मतदार सगळे नव्हते, बायकांपैकी फार थोड्यांना मत होतं, ते खरं. पण विचारलं तरी. शतकानंतर कंपन्या एक करताना तसं मतदान घेतलं नाही. लोकांचं म्हणून सुरू झालेलं काम हळूहळू लोकांपासून लांब कसं जातं, हे इथंही दिसतं. आणि ‘चालू आहे’ म्हणताय, तर प्रांताच्या त्या आयोगाचं काय झालं तेही ऐका. पुढे त्याला ऑन्टारियो हायड्रो म्हणू लागले. अणुवीज केंद्रं बांधता बांधता त्याच्यावरची देणी ३८ अब्ज डॉलरवर गेली. १९९९ मध्ये ते मोडून तुकडे केले. जे कर्ज कुठल्याच तुकड्याला पेलणारं नव्हतं, ते फेडायला लोकांच्या बिलात युनिटमागे ०.७ सेंटची वेगळी ओळ आली. घरगुती बिलावरून ती २०१५ च्या अखेरीस निघाली. त्याच साली त्यातल्या एका तुकड्याचे, हायड्रो वनचे, शेअर बाजारात विकायला काढले आणि आता प्रांताकडे निम्म्याहूनही कमी उरले आहेत.

मामा : म्हणजे तुमच्या इथंही बुडालं.

भाची : बुडालं. फक्त इथं ते सभासदांच्या माथी मारून संस्था बदनाम नाही झाली. सरकारी बुडालं की त्याला धोरण चुकलं म्हणतात, सहकारी बुडालं की म्हणतात सहकारच वाईट.

हे वाक्य ऐकून मामा चमकले आणि मीही. महाराष्ट्रात सहकारावर बोलताना आपण हा दुजाभाव सर्रास करतो. वीज मंडळांचे तोटे केंद्र आणि राज्य सरकारांनी कितीदा स्वतःवर घेतले, पण त्यावरून सरकारी वीज ही कल्पनाच वाईट असं आपण सहसा म्हणत नाही.

यानंतर मामांनी काढलेला मुद्दा मात्र भाचीला जड गेला.

मामा : त्या दिवशी किंग स्ट्रीटवर ती जुनी इमारत दाखवलीस, विमा कंपनीची. ती कुणाची होती म्हणालीस?

भाची : म्युच्युअल लाइफची. वॉटर्लूत १८७० पासून धंदा करणारी. विमेदारच तिचे मालक होते. १९९९ मध्ये तिनं ते रूप टाकलं, शेअर बाजारात गेली, नाव क्लॅरिका झालं. २००२ मध्ये सन लाइफनं ती घेतली.

मामा : कुणी बळजबरी केली होती?

भाची : नाही. विमेदारांनीच मत दिलं. त्यांना शेअर मिळणार होते.

मामा : आणि इथली ती दुसरी विमा कंपनी?

भाची : इकॉनॉमिकल. १८७१ ची, तीही इथलीच. तिथं तर लाखो विमेदारांपैकी हजारभरसुद्धा मतदार सभासद नव्हते, आणि रूप बदलण्याची वाट त्यांच्या मतानं उघडली. २०२१ मध्ये ती बाजारात गेली.

मामा : मग सांग. तिथं आकडे नव्हते, थकबाकी नव्हती, पुढारी नव्हते. हिशेब चोख होते. तरी सभासदांनी सव्वाशे-दीडशे वर्षांची मालकी चेकवर सही करून दिली. आमचे सभासद बिल न भरून गेले, तुमचे नफा घेऊन गेले. सभासद असण्याचा फायदा एवढा मोठा असता तर माणसानं तो असा सोडला असता का?

भाची : ... सोडतात, मामा. कारण आधीच्या पिढ्यांनी साठवलेलं एका पिढीच्या हाती आलं की ते वाटून घ्यावंसं वाटतं. म्हणून काही देशांत सहकारी संस्थेची राखीव शिल्लक सभासदांना वाटताच येत नाही, संस्था मोडली तरी ती दुसऱ्या सहकारी कामाकडेच जाते. असा दोर बांधला नाही तर चांगली संस्थाही विकली जाते. हे तुमचं मी मान्य करते.

मामा : आणि तुझ्या त्या सोलर संस्थेचंही सांगून टाक. तिची वीज तुझ्या घरात येते?

भाची : नाही. छपरांवर पॅनल लावली, ती वीज प्रांताच्या योजनेत वीस वर्षांच्या करारानं ग्रिडला विकतो. २००९ च्या कायद्यानं अशा संस्थांना वाट मिळाली. नवे करार द्यायचं पुढे बंद झालं. मला वर्षाला परतावा मिळतो.

मामा : मग तू सभासद कसली, ठेवीदार आहेस.

भाची : अर्धी ठेवीदार, खरं आहे. पण पॅनल कुणाकडून घ्यायची, देखभालीचं कंत्राट कुणाला द्यायचं, शिल्लक वाटायची की नवीन छप्पर घ्यायचं, हे मी विचारू शकते आणि विचारते. युनिट कसं मोजतात, इन्व्हर्टर बदलायला काय लागतं, करार संपल्यावर काय, हे सगळं मला सभेत कळलं. हायड्रोचं बिल दहा वर्षं भरूनही यातलं मला काही कळलं नसतं.

माझ्या लेखी वादाचं उत्तर इथं आहे. सहकारी वीज संस्थेची वीज स्वस्तच असेल, असं कुणी छातीठोक सांगू नये. अमेरिकेत काही संस्थांचे दर शेजारच्या कंपनीपेक्षा चढे आहेत, कारण विरळ वस्तीत मैलभर तारेमागे गिऱ्हाईक कमी असतं. फायदा असा की जिथं धंदा जात नाही तिथं तार जाते, उरलेला पैसा लांबच्या भागधारकाकडे न जाता गावात राहतो, आणि कारभाऱ्याला वर्षातून एकदा आपल्यासमोर उभं राहून उत्तर द्यावं लागतं. पण ही तिन्ही सुखं बिल भरणाऱ्या, अहवाल वाचणाऱ्या आणि उठून प्रश्न विचारणाऱ्या सभासदालाच मिळतात. दराचा निर्णय संस्थेच्या हाती नसेल तर तीही मिळत नाहीत. म्हणून पुन्हा कुठं वीज सहकारी संस्था काढायची झाली तर कायद्यात आधी दराचा अधिकार मागून घ्यावा, प्रत्येक पंपावर मीटर बसवावं आणि मगच शेअर गोळा करावेत.

मामा : आता तर पंपाचं बिलच येत नाही. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत माफ. पाणी भरायची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्री बॅटरी घेऊन उसात शिरायचं, पायाखाली काय आहे दिसत नाही. पण बोलणार कुठल्या तोंडानं? फुकट घेतोय ना!

भाची : हेच तर म्हणते मी! पैसे देणाऱ्याला जाब विचारता येतो. तुमच्याकडे आता जागोजाग सौर पंप आलेत. गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी गाव आहे. २०१६ मध्ये तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. दिवसा पाणी भरायचं आणि उरलेली वीज ग्रिडला विकायची. वीज विकून पैसा मिळतो म्हटल्यावर शेतकरी पाणीही जपून वापरतो. त्यांना आकडा टाकायचं कारणच उरत नाही, कारण वीज त्यांचीच.

मामा : सहा जण. सहा जणांत कोण चोरी करतो ते सगळ्यांना दिसतं. १८३ गावांत दिसत नाही.

भाची : मग लहान काढा. एका डीपीवरचे, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरचे, पंधरा-वीस जण.

मामा : डीपीवरचे लोक एकत्र येतात, ते खरं. डीपी जळाला की कुणाकडे सांगावं लागत नाही. घरटी पैसे गोळा होतात, ट्रॅक्टर निघतो, चार पोरं खाली उतरवून दुरुस्तीला नेतात, पीक वाळायच्या आत परत चढवतात. कागद नाही, अध्यक्ष नाही. कुणी पैसे बुडवत नाही, कारण दुसऱ्या दिवशी बांधावर तोंड दाखवायचं असतं.

भाची : त्याला मीटर आणि वही जोडली की झाली संस्था.

मामा : वही लिहिणारा पाहिजे. आणि वही मागणारा पाहिजे. आमच्या गावच्या एका सोसायटीत मी तीन वर्षं अहवाल मागत होतो. एकट्यानं मागितला की माणूस वेडा ठरतो. दहा जणांनी मागितला असता तर सचिवानं घरपोच दिला असता.

दोघांचं एकमत झालं नाही. मामा अजूनही म्हणतात की विजेसारखी गोष्ट नगरपालिकेच्या किंवा सरकारच्याच हातात बरी, सभासदांनी लहान कामं करावीत. भाची म्हणते की लहानातून मोठं होतं. माझा कौल भाचीच्या बाजूनं आहे, पण मामांची अट लावून. वही मागणारे दहा जण आधी हवेत.

हा लेख वाचणारे तुम्ही महाराष्ट्रात असाल तर बहुधा एखाद्या संस्थेचे सभासद असालच. दूध संस्था, पतपेढी, साखर कारखाना, गृहनिर्माण सोसायटी, काहीतरी असेलच. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घेणं संस्थेला कायद्यानं बंधनकारक आहे आणि सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी यायला हवी. या वर्षी नोटीस आली की अहवाल आणि लेखापरीक्षण मागून घ्या, शेजारच्या दोन सभासदांना बरोबर घेऊन सभेला जा, आणि थकबाकीच्या पानावरचा पहिला प्रश्न तुम्ही विचारा.